नळदुर्गावरून गेलेलं विमान

तुळजापूरला आपण सगळ्याच जातो, नाही का? कुणाचा नवस असतो, कुणाचं लग्नानंतरचं पहिलं दर्शन असतं. देवीची ओटी भरली, की मंडळी लगेच परतीच्या एसटीकडे वळतात. पण तिथून तासाभरावर नळदुर्ग आहे. तेवढी वाट वाकडी करून किती जणी जातात? मीही सोलापुरात राहून इतकी वर्षं गेले नव्हते. यंदा भाद्रपदात सासूबाईंनीच विषय काढला. "तुळजापूर झालं की खंडोबाला जाऊ," म्हणाल्या. नळदुर्ग आणि अणदूर या दोन गावांत मिळून खंडोबाची एकच मूर्ती आहे. वर्षातले सव्वादहा महिने देव अणदूरला असतात आणि पावणेदोन महिने नळदुर्गला. तेव्हा देव कुठे आहेत हे विचारूनच निघावं, नाहीतर हेलपाटा ठरलेला! आम्ही आधी अणदूर केलं आणि मग किल्ला.

किल्ला मोठा आहे. सगळा पाहायचा तर गुडघे बोलायला लागतात. उपळी बुरुजावर चढायचा मोह मी सासूबाईंकडे पाहून आवरला, त्यांचं वय आता पंचाऐंशीच्या पुढं. पण पाणीमहाल मात्र कितीही दमलात तरी चुकवू नका. आदिलशाहीत बोरी नदीवर दगडी बांध घातला आणि त्या बांधाच्या पोटातच खोल्या काढल्या. पावसाळ्यात नदी भरली की पाणी बांधावरून दोन धारांनी खाली कोसळतं. या धारांना नर आणि मादी म्हणतात. आपण आत कोरड्या उभ्या राहायचं आणि खिडकीतून समोर पाण्याचा पडदा बघायचा. पाऊस बरा झाला असेल तरच हे दृश्य दिसतं, म्हणून जाण्याआधी चौकशी करा. आणि चपला रबरी घाला. दगड शेवाळलेले असतात.

आम्ही बाहेर येऊन बांधाच्या काठाला सतरंजी टाकली. मी दशम्या सोडल्या, शेंगादाण्याची चटणी काढली, आणि तेवढ्यात ते आलं.

आधी नुसती घरघर. पाण्याच्या आवाजात ती कुठून येते ते कळेना. मग एकदम आभाळ फाटल्यासारखा आवाज, आणि पूर्वेकडून एक विमान डोक्यावरून गेलं. इतकं खालून, की त्याचं पोट दिसलं. चार-पाच सेकंदांचाच खेळ. आमच्या ह्यांच्या हातातली दशमी हातातच राहिली.

सासूबाईंकडे पाहिलं तर त्या जागेवर नव्हत्या. भिंतीशी अंग चोरून खाली बसल्या होत्या, पदर डोक्यावरून पुढे ओढलेला, आणि धाकटीचा हात घट्ट धरून तिलाही खाली ओढत होत्या. "बस गं पोरी, खाली बस! इमान हाय!"

भगिनींनो, लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण त्यांना विमानाची अशी भीती आहे हे मला माहीत नव्हतं. सोलापूरच्या आमच्या घरावरून फार उंचावरून प्रवासी विमानं जातात, त्यांच्याकडे त्या कधी मान वर करून बघत नाहीत. मला वाटे, नजर कमी झाली असेल.

पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवला, तेव्हा कुठे बोलल्या. त्यांचं माहेर उमरग्याच्या बाजूचं. १९४८ साली त्या आठ-नऊ वर्षांच्या. हा सगळा मुलूख तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. रझाकारांच्या भीतीनं कितीतरी कुटुंबं सरहद्द ओलांडून सोलापूर-बार्शीकडे आली होती. सासूबाईंचे वडील मात्र गुरंढोरं सोडून निघाले नाहीत. १३ सप्टेंबरला भारतीय फौज सोलापूरकडून आत शिरली. पहिली लढाई झाली ती इथेच, नळदुर्गाला. बोरीवरचा पूल फौजेनं उडवू न देता ताब्यात घेतला आणि दुपारपर्यंत रणगाडे उमरग्याला पोचले. दुसऱ्या दिवशी उमरग्याच्या पुढे राजेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यावर शत्रू दबा धरून बसला होता, म्हणून विमानं बोलावली. 'टेम्पेस्ट' नावाची पंख्याची लढाऊ विमानं होती ती. १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली. आपण मराठवाडा मुक्तिदिन साजरा करतो तो त्याचाच.

हे झालं पुस्तकातलं. सासूबाईंना आठवतं ते एवढंच, की वडिलांनी सगळ्यांना तुरीच्या रानात नेऊन पालथं झोपवलं आणि यांच्या डोक्यावर हात दाबून धरला. "वर बघू नगं म्हनले. कुनाचं इमान हाय ते कुनाला ठावं? आपलं का त्येंचं?"

हे 'कुणाचं' माझ्या मनात घर करून राहिलं.

त्यांना धीर द्यावा म्हणून मी ठणकावून सांगितलं, "आई, आपलंच होतं ते. सुखोई!" खरं सांगू? लढाऊ विमानाचं मला ते एकच नाव येतं. धाकटी नववीत आहे, तिला या गोष्टींचं वेड. तिनं लगेच उलटतपासणी घेतली. "आई, शेपट्या किती होत्या?" एक. "इंजिनं किती?" मागं एकच भोक दिसलं होतं. "मग सुखोई कसं होईल?"

मग तिनं आजीच्या शेजारी बसून सतरंजीवरच बोटानं चित्र काढून दाखवलं. तुम्हांलाही सांगते, कारण गच्चीत पापड घालताना कधीतरी उपयोगी पडेल. प्रवासी विमानाचे पंख लांब असतात आणि इंजिनं बहुधा पंखाखाली डब्यासारखी टांगलेली दिसतात. लढाऊ विमानाची इंजिनं अंगातच असतात, शेपटाशी फक्त तोंड दिसतं. सुखोई-३० हे मोठं धूड, जवळजवळ बावीस मीटर लांब. त्याला दोन इंजिनं आणि मागं दोन उभ्या शेपट्या. मिराज आणि तेजस ओळखायला सगळ्यांत सोपी. पंख शंकरपाळ्याचा कोपरा कापल्यासारखे तिकोनी, आणि मागचे आडवे छोटे पंख नाहीतच. आम्ही पाहिलं ते या कुठल्याच मापात बसत नव्हतं. लहानसं, सुखोईच्या साधारण निम्मं. एक इंजिन, एक उभी शेपटी, मागचे आडवे पंख किंचित खाली झुकलेले, आणि वर एकामागे एक दोन माणसं बसतील अशी लांबट काच. ती काच धाकटीनं विमान जाता जाता कलंडलं तेव्हा टिपली होती. "हॉक," ती म्हणाली, "बिदरचं असणार."

रंगावर मात्र जाऊ नका. ऊन वर असलं की खालून सगळीच विमानं काळी दिसतात. आणि आवाज येतो तिकडे बघू नका, त्याच्या पुढे बघा. आवाज एक किलोमीटर यायला तीन सेकंद घेतो. विमान दहा किलोमीटर उंचावर असेल, तर त्याचा आवाज आपल्याला अर्ध्या मिनिटानं ऐकू येतो आणि तोवर ते सात-आठ किलोमीटर पुढे गेलेलं असतं. म्हणून आपण 'कुठाय, कुठाय' करत राहतो आणि मुलांना आधी दिसतं! खालून येणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याचा आवाज आणि ते जवळजवळ बरोबरच येतात, म्हणून तर काळजाचं पाणी होतं.

बिदर कर्नाटकात असलं तरी आपल्याला परकं नाही. उमरग्याच्या पुढे सरहद्द ओलांडली की बिदर जिल्हाच लागतो. तिथल्या हवाई दलाच्या तळावर लढाऊ वैमानिकांना शिकवतात, आणि २००८ पासून त्यासाठी हॉक विमानं आहेत. पुढे बसतो तो शिकणारा, मागे जरा उंचावर बसतात ते गुरुजी. नळदुर्ग तिथून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. त्या विमानाला दहा मिनिटं म्हणजे डोक्यावरून पाणी!

धाराशिव जिल्ह्यातल्या बायकांना हे सगळं का सांगावं, त्याला आणखी एक कारण आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, आणि चारच्या सुमारास किल्लारी-सास्तूरचा भूकंप. लोहारा-उमरग्याकडच्या दगडमातीच्या घरांनी माणसं पोटात घेतली. आमचं घरही त्यातच गेलं. माणसं वाचली, म्हणून सासूबाई सोलापूरला आल्या. अजूनही त्या भागात मोठा आवाज झाला, की लोक भांडी वाजतात का ते ऐकतात आणि बाहेर येतात. विमान आवाजाच्या वेगापुढे गेलं, तरी स्फोटासारखा दणका बसतो आणि तावदानं थरथरतात. मे २०२० मध्ये बंगळूर शहर अशाच एका आवाजानं हादरलं होतं. हवाई दलाच्या विमानाची ती चाचणी होती, हे मागाहून कळलं. तरी माझं ऐका. शंका असेल तर मुलांना घेऊन आधी बाहेर या. विमान कुठलं ते मग ओळखता येईल.

हे सगळं बोलणं सतरंजीवर चाललं होतं, तरी सासूबाई भिंतीचा आधार सोडीनात. तेव्हा धाकटीनं हुकमाचं पान काढलं. "आजी, त्या विमानात बाईसुद्धा असू शकते, माहीत आहे?"

"चल! काहीतरीच."

पण खरंच आहे ते. अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग या तिघी १८ जून २०१६ ला हैदराबादजवळच्या दुंडिगलला हवाई दलात दाखल झाल्या. लढाऊ विमानं चालवण्यासाठी निवडलेल्या आपल्या देशातल्या या पहिल्या मुली. त्यानंतरचं त्यांचं शिक्षण बिदरला, याच हॉकवर झालं. फेब्रुवारी २०१८ मध्ये अवनीनं जामनगरला मिग-२१ एकटीनं उडवलं. धाकटीकडे त्या तिघींचा वर्तमानपत्रातला फोटो वहीत चिकटवलेला आहे, पण वही घरी राहिली होती.

सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. दशमी खाल्ली, चटणी तिखट झाली म्हणाल्या. आम्ही आवराआवर करत होतो, तोच लांबून पुन्हा तशीच घरघर. मी घाबरून त्यांच्याकडे पाहिलं. या वेळी विमान बऱ्याच उंचावरून, नदीच्या पलीकडून गेलं. त्यांनी नातीचा खांदा धरला, कपाळावर हाताची झापड केली आणि वर पाहिलं. विमान दिसेनासं होईपर्यंत पाहिलं.

"येकच शेपूट," म्हणाल्या.

परत येताना गाडीत डोळे मिटून बसल्या होत्या. मला वाटलं झोप लागली. सोलापूर जवळ आल्यावर एकदम म्हणाल्या, "ती भेटली कुठं तर सांग बाई तिला, जरा वरनं जात जा म्हनावं. खाली म्हातारी मानसं असत्यात."