बागेखालचं पाणी

आमच्या चोपडा तालुक्यात बाग म्हटली की ती केळीचीच. बागेत कोणी फुलं बघायला जात नाही. नळ्या तपासायला, घड कापायला जातात. म्हणून समुद्र बघायला मुंबईला गेलो, तेव्हा मलबार हिलवरचं हँगिंग गार्डन पाहून माय म्हणाली, "ही कसानी बाग? खावाले काहीच नही!"

पण रमली ती. कातरून केलेली झुडपांची जनावरं, पलीकडे म्हातारीचा बूट, खाली चौपाटीचा वारा. हिरवळीवर पाय पसरून बसली. दोन दिवसांत शेताचं नाव काढलं नव्हतं.

मी म्हटलं, "माय, तू बसलीस ना, त्याच्याखाली पाणी आहे." खरंच आहे. १८८१ साली ही बाग जलाशयाच्या छतावर केली. दक्षिण मुंबईला त्या जलाशयातून पाणी जातं.

माय गवतावरून हात फिरवत राहिली. त्याच उन्हाळ्यात आमची बोअर आटली होती आणि निसवलेली केळी उभी वाळली होती.

परतीची गाडी दिवसाची. आसनगावच्या पुढे रुळांच्या कडेनं डोक्यावर हंडे घेऊन बाया चालल्या होत्या. मी सांगितलं, तानसा, भातसा ही धरणं याच शहापूर तालुक्यातली. मुंबईला पाणी इथूनच जातं.

माय खिडकीतून मागं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे यास्नं पानी त्या बागखाले शे?"