सुट्टीतलं पुस्तक

मेहकरला उन्हाळ्याची सुट्टी लागली की आम्हा भावंडांत वाचनालयाच्या कार्डावरून भांडण ठरलेलं. अनामत एकाचीच भरलेली, वाचणारे चौघे. भाईजान इब्ने सफीच्या जासूसी कादंबऱ्या कुठून तरी पैदा करायचे. पण आम्ही धाकटे मराठी शाळेतले, उर्दू लिपी अडखळत वाचणारे. आम्ही बाबूराव अर्नाळकर मागायचो. झुंजार, काळा पहाड! त्यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. सुट्टी संपायची, अर्नाळकर संपायचे नाहीत. "काहीतरी चांगलं वाचा," असं ग्रंथपाल म्हणायचे, अब्बाही म्हणायचे. चांगलं म्हणजे परीक्षेला उपयोगी, नाहीतर दीनी. नुसत्या मौजेसाठी वाचणं आमच्या घरात चैनच होती.

एका सुट्टीत आपानं हमीद दलवाईंची 'इंधन' आणली. १९६५ सालची कादंबरी. १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढणाऱ्या दलवाईंचं नाव घरात चालत नसे, म्हणून वर्तमानपत्राचं कव्हर घातलं. भांडायच्या तयारीनंच आम्ही ती उघडली. गाव कोकणातलं, आमच्या पैनगंगेपासून कोसो दूर. पण मराठी पुस्तकात आपल्यासारखी माणसं आम्ही पहिल्यांदाच भेटत होतो. भांडायचं राहूनच गेलं.

अम्मीनं विचारलं, "क्या पढ़ री?"

"किस्सा है, अम्मी."

"तो फिर जोर से पढ़ ना."