अंबरनाथचे पितळ आणि सांबराची गोळी

कल्याण सोडून गाडी कर्जतच्या अंगाने निघाली, की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्टेशने भराभर येतात. अंबरनाथ म्हटले की आपल्याला वालधुनीकाठचे शिलाहारांचे देऊळ आठवते. शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेले ते देऊळ पाहावेच. पण आज मला वाचकांना घेऊन जायचे आहे ते बंदुकीच्या गोळीच्या मागावर. घाबरू नका, मुलाबाळांनाही बरोबर घ्या!

सुरुवात उल्हासनगरपासून. दुसऱ्या महायुद्धात इथे फौजेची छावणी होती. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासितांनी संसार मांडले, १९४९ साली नवे नाव मिळाले, तरी लोक पत्ता सांगताना अजून ‘कॅम्प’च म्हणतात. त्या काळच्या फौजेची बंदूक म्हणजे ‘थ्री-नॉट-थ्री’. तिच्या गोळीत आत शिसे आणि वरून कठीण धातूचे कवच, टोकापर्यंत बंद. तसे का, त्याला इतिहास आहे. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकाचे शिसे उघडे ठेवलेली गोळी निघाली. अंगात शिरताच ती फुलायची आणि भयंकर जखम करायची. १८९९ च्या हेगच्या परिषदेने अशी गोळी युद्धात वापरू नये असा ठराव केला.

गंमत अशी, की माणसावर झाडायला जी गोळी निषिद्ध ठरली, तीच शिकाऱ्याला योग्य! फौजी गोळी हरणाच्या अंगातून बारीक भोक पाडून आरपार जाते. जनावर उधळते, एखाद्या घळीत शिरते आणि दोन-तीन दिवस तडफडून मरते. शिकाऱ्याच्या हाती काही लागत नाही, आणि त्या मुक्या जिवाचे हाल होतात ते वेगळेच. टोक मऊ असेल तर गोळी आत फुलते, सगळा जोर तिथेच खर्च करते आणि जनावर जागच्या जागी कोसळते.

पण ही फुलणारी गोळी तरी सर्वांना एकच कशी चालेल? बदलापूरच्या पुढे गाडीतून माथेरानचा डोंगर दिसतो. सह्याद्रीच्या या रानांतले भेकर असते जेमतेम पंचवीस-तीस किलोचे. चितळाचा नर ऐंशीच्या घरात. आणि पुरा वाढलेला सांबर सव्वादोनशेपासून तीनशे किलोपर्यंत! सिलोनातले इंग्रज मळेवाले तर सांबराला ‘एल्क’च म्हणत. चितळाला पुरणारी हलकी, वेगवान गोळी सांबराच्या फऱ्याच्या हाडावर आपटली, तर वरच्यावर फुटून जाते. त्याला हवी जड, दमाने फुलणारी. गोळीचे वजन ग्रेनमध्ये सांगतात आणि १८० ग्रेनचा एक तोळा होतो, म्हणजे हिशेब आपल्या सराफकट्ट्यावरचाच. चितळाला तोळाभर पुरे. ‘थ्री-सेव्हंटी-फाइव्ह’ची २७० ग्रेनची गोळी नेमकी दीड तोळ्याची, ती सांबराला साजेशी. मात्र वजनाची चर्चा करणारे शिकारी नेमाची चर्चा कमी करतात, असे माझे मत आहे. पोटात बसलेली दीड तोळाही वायाच.

गोळीमागची पुंगळी पितळेची, आणि तिथे अंबरनाथ येते. इथल्या ऑर्डनन्स फॅक्टरीत (२०२१ पासून ती ‘यंत्र इंडिया’ या सरकारी कंपनीत आहे) धातू ओतून, लाटून काडतुसांसाठी पितळी वाट्या करतात. सत्तर भाग तांबे, तीस भाग जस्त. वाटी ओढत ओढत लांब करायची, आणि ओढताना धातू ताठरला की पुन्हा तापवून मऊ करायचा. आपल्या तांबटांना हे गणित ठाऊक होतेच. बार उडताना पुंगळी फुगून नळीला घट्ट बसावी, आणि लगेच आकसून सुटावी, यासाठी पितळेइतके गुणी दुसरे काही नाही. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना तर १८६९ सालचा. परवानेवाल्यांच्या ‘थ्री-फिफ्टीन’ रायफलीची काडतुसे तिथलीच. फौजेच्या मापाची बंदूक सामान्य नागरिकाला बंद, म्हणून हे निराळे माप.

मुंबई राज्याने १९५१ साली शिकारीवर कायद्याचा लगाम घातला. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर सांबर-चितळांवर बार टाकण्याचा काळ सरला, आणि बरेच झाले. अमेरिकेत मात्र एल्कचा हंगाम अजून भरतो आणि गोळीचा वाद आता शिशावर आला आहे. फुलताना शिशाचे बारीक कण मांसात विखुरतात. शिकाऱ्याने रानात टाकलेली आतडी खाऊन तिथली काँडर गिधाडे विषबाधेने मरू लागली. म्हणून कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळीला पुरती बंदी केली. तिथला शिकारी आता निखळ तांब्याची गोळी निवडतो. ती पाकळ्यांसारखी उमलते आणि फुटत नाही.