रात्रपाळीचा जमाखर्च

बाबा उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत आहेत. दर आठवड्याला पाळी बदलते. रात्रपाळीत दोन वाजता थंड भाकरी, वर तीन-चार कप चहा. सकाळी घरी येतात ते छातीत जळजळ घेऊनच. आई म्हणे, ‘तिखट कमी करा.’ मीही तेच म्हणत असे.

पुढे वाचनात आले, की पोटालाही घड्याळ असते. रात्री जठर सावकाश रिकामे होते, आतडी मंदावतात. शरीरातल्या या घड्याळाच्या संशोधनाला २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पाळी सारखी बदलली, की ते कुठल्याच वेळेला जुळत नाही. दोष एकट्या तिखटाचा नव्हता.

मी म्हटले, ‘बाबा, कायमची दिवसपाळी मागून घ्या की.’

‘आणि रात्रीचा भत्ता? तुझी फी त्यातनंच जाते रे.’

तीन वर्षे मी जमाखर्च शिकतो आहे. घरच्या वहीत भत्ता जमेला होता. बाबांचे पोट खर्ची कधी पडलेच नव्हते.

आता ते नऊला घरीच जेवून निघतात, डबा हलका नेतात. जळजळ थोडी कमी आहे. यंदा माझे शेवटचे वर्ष. नोकरी लागली, की दिवसपाळीचा अर्ज मीच लिहिणार आहे, कन्नडात.