लीड्सची मंडई आणि एक कात्री

मुलीकडे इंग्लंडला जाण्याचा योग आला, तेव्हा लीड्स शहरात पंधरा दिवस मुक्काम पडला. जावईबापूंनी किल्ले, राजवाडे दाखवायचे ठरवले होते. मी म्हटले, आधी मंडई दाखवा. उभा जन्म शेतकऱ्यांत वावरलेल्या माणसाला दुसरे काय सुचणार?

कर्कगेट मंडई 1857 पासूनची. दर्शनी दगडी इमारत 1904 सालची. आत लोखंडी खांब, वर काचेचे छत. एका ओळीत मासळी, दुसरीत मटण. भाजीवाल्यांच्या आरोळ्या ऐकून क्षणभर आपल्या आठवडी बाजारातच आलो असे वाटले.

याच मंडईत 1884 साली मायकेल मार्क्स नावाच्या परमुलखातून आलेल्या ज्यू फेरीवाल्याने आपला ठेला मांडला. भाषा नीट येत नव्हती. म्हणून त्याने पाटीच लावली, की भाव विचारू नका, सगळे एक पेनीला. पुढे त्या ठेल्याची ‘मार्क्स अँड स्पेन्सर’ ही देशभर दुकाने असलेली पेढी झाली. तिच्या शंभरीचे घड्याळ मंडईत टांगलेले आहे.

तिथल्या छोट्या दुकानदारांना अशा साखळी दुकानांनी अनेक वर्षे हैराण केले. आता साखळीवाल्यांनाही ऑनलाइनवाले भेटले आहेत! वूलवर्थ्सची सुमारे आठशे दुकाने जानेवारी 2009 पर्यंत बंद झाली. डेबनहॅम्सची शेवटची दुकाने 2021 मध्ये मिटली. नाव तेवढे एका ऑनलाइन कंपनीने विकत घेतले. तिथे दुकानाचा कर जागेला किती भाडे येईल त्यावर बसतो. भर पेठेतल्या दुकानदाराला तो जड जातो, गावाबाहेरच्या गुदामातून माल धाडणाऱ्याला त्या मानाने हलका पडतो.

मंडईपासून हाकेच्या अंतरावर जुना धान्यबाजार आहे. दाण्याचा रंग नीट पारखता यावा म्हणून त्याच्या घुमटातून उजेड खाली घेतला आहे. आज तिथे धान्य नाही, छोट्या स्वतंत्र दुकानदारांचे गाळे आहेत. मी तिथे बराच वेळ नुसता वर बघत उभा होतो.

शनिवारी मंडईतल्या हत्यारांच्या गाळ्यावर मुलीच्या बागेसाठी छाटणीची कात्री पाहिली. म्हाताऱ्या दुकानदाराने चार प्रकार काढून दाखवले. कोणती ओल्या फांदीला, कोणती वाळलेल्याला, स्प्रिंग उतरवून चीक कसा पुसायचा, सगळे सांगितले. इतक्यात जावईबापूंनी फोनवर तीच कात्री दाखवली, दोन पौंडांनी स्वस्त. मी मान हलवली. आभार मानून आम्ही निघालो.

रात्री झोप लागेना. गावच्या कृषी केंद्रावर फुकट सल्ला घेऊन बियाणे दुसरीकडून आणणाऱ्यांना मीच कितीदा बोललो आहे. सकाळी एकटाच चालत मंडईवर गेलो. रविवार होता, दारे बंद.

सोमवारी खोके दारात आले. कात्री तीच होती. स्प्रिंग उतरवून पाते कसे पुसायचे ते मी मुलीला दाखवले. तिने विचारले, “बाबा, हे कुणी शिकवले?”