डोंगरासकट हललेले देव

इजिप्तमधल्या अस्वानहून अबू सिंबेलकडे निघालेली बस पहाटेच्या अंधारातच वाळवंटात शिरते, आणि उजाडता उजाडता खिडकीबाहेर दिसते ती तांबूस वाळू, मधूनच काळपट दगडांचे उंचवटे, की पुन्हा वाळूच. त्या निर्मनुष्य विस्ताराला डोळे सरावतात न सरावतात तोच एकाएकी निळेभोर पाणी लागते आणि पाण्याकडे तोंड करून देवालयाच्या दर्शनी भागात बसलेले फारो रामसेस दुसऱ्याचे चार पुतळे, एकेक सुमारे २० मीटर उंच. एकाचे धड प्राचीन काळीच भूकंपात ढासळले. मस्तक अजून खाली पायांशी पडून आहे. इथल्या एका पायावर, इसवीसनापूर्वी सहाव्या शतकात या वाटेने गेलेल्या ग्रीक भाडोत्री सैनिकांनी आपली नावे खरवडून ठेवली आहेत. किल्ल्यांच्या भिंतींवर बदामात नावे कोरणाऱ्यांवर मी आजवर फार चिडत आलो. पण अडीच हजार वर्षे लोटली की तीच खोडी अभ्यासाचा विषय होते, आता याला काय म्हणावे!

पाठीमागचा डोंगर मात्र माणसाने रचलेला. अस्वानच्या उंच धरणाचे पाणी चढू लागले, तेव्हा युनेस्कोच्या हाकेला जग धावून आले आणि १९६४ ते १९६८ या काळात सबंध देवालय करवतीने कापून, वीस-वीस टनांच्या शिळा क्रमांक घालून, सुमारे ६५ मीटर वर आणि २०० मीटर मागे पुन्हा उभे केले गेले. काँक्रीटच्या घुमटावर दगडमाती चढवून कडाही नवा घडवला. मस्तक जसे पडले होते तसेच आणून ठेवले. फेब्रुवारी आणि ऑक्टोबरमध्ये कोवळे ऊन गाभाऱ्यापर्यंत जाते, ते आजही जाते. तिथल्या चार मूर्तींपैकी प्ताह हा देव तेवढा पूर्वीसारखाच सावलीत राहतो. इतकी निगुतीची माया पाहून ऊर भरून येतो, आणि मग मन नकळत त्या पाण्याच्या तळाशी उतरू लागते.

तिथे नूबियन लोकांची गावे होती. मातीची ऐसपैस घरे, दारावरच्या गिलाव्यात हौसेने बसवलेल्या चिनी मातीच्या बशा, अंगणापलीकडे नदी आणि नदीकाठी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या खजुरी. १९६३-६४ मध्ये इजिप्तमधल्या सुमारे ५०,००० नूबियनांना बिऱ्हाडासह उत्तरेकडे, कोम ओम्बोच्या परिसरात नेले गेले. तिथे एकसारखी घरे ओळीने बांधलेली, नदी लांब. खजुरी काही बरोबर नेता येत नाहीत.

धरण नको होते असे म्हणवत नाही. ज्या नदीच्या लहरीवर देश जगला, तिला आवर घालणे त्या देशाला किती मोलाचे वाटले असेल. पण आपल्याकडे उन्हाळ्यात उजनी धरणाचे पाणी ओसरून पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडले, की आपणही होडीत बसून देऊळच पाहायला जातो. गाव कुठे गेले हे विचारायचे सुचत नाही.

अबू सिंबेलला गेलात, तर अस्वानला परतल्यावर लगेच पुढच्या गाडीची घाई करू नका. तिथल्या नूबिया संग्रहालयासाठी एक दुपार राखून ठेवा. बुडालेल्या गावांतल्या माणसांचे जगणे तिथे मांडले आहे.