घोडीला आग्रह करू नये!

‘लीद उचलायला इंग्लंडला गेलीस?’ परत आल्यापासून हा प्रश्न मला निदान वीस जणांनी विचारलाय. त्यांचंही बरोबर आहे म्हणा. परदेशातल्या हॉर्स रेस्क्यू सँक्चुअरीत व्हॉलंटिअर म्हटलं, की डोळ्यांसमोर येतं ते हिरवंगार कुरण, वाऱ्यावर उडणारी आयाळ आणि आपल्या खांद्यावर मान टेकवणारा घोडा. एकदम प्रोफाइल फोटो मटेरिअल! प्रत्यक्षात माझे दोन आठवडे गमबूट, ढकलगाडी आणि लीद यांच्या सहवासात गेले. कुरणातली लीद रोज उचलली नाही तर जंत पसरतात. त्यामुळे तिथे सगळ्यात महत्त्वाचं काम तेच.

माझी मावसबहीण नॉरिचला असते. तिच्याकडे महिनाभर राहायला गेले होते. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसावर नोंदणीकृत चॅरिटीत ३० दिवसांपर्यंत विनामोबदला काम करता येतं, फक्त तो तुमच्या ट्रिपचा मुख्य हेतू असता कामा नये. नॉरफोकमध्ये १९८४ साली सुरू झालेली रेडविंग्ज ही मोठी सँक्चुअरी आहे. मी गेले ती बरीच छोटी. माथेरानला घोड्यावर बसून फोटो काढणं यापलीकडे माझा घोड्यांशी काहीही संबंध नव्हता, हेही सांगून टाकते.

इंग्लंडसारख्या श्रीमंत देशात घोडे बेवारस होतात कसे? कारण अगदी आपल्या ईएमआयसारखं आहे. घेणं सोपं, पोसणं महाग. २००८च्या मंदीनंतर घोड्यांच्या किमती कोसळल्या आणि चारा, नालबंद, डॉक्टर यांचा खर्च अनेकांना झेपेना. लोक परक्याच्या शेतात घोडे सोडून जायला लागले. हा प्रकार इतका वाढला, की २०१५मध्ये त्यासाठी खास ‘कंट्रोल ऑफ हॉर्सेस अ‍ॅक्ट’ आला. चार वर्किंग डेजमध्ये कुणी हक्क सांगितला नाही, तर पकडलेल्या घोड्याचं काय करायचं ते शेतमालक ठरवू शकतो.

माझ्या तिसऱ्या दिवशी अशीच एक तपकिरी घोडी आली. तिथे घोड्याच्या अंगाला शून्य ते पाच असे मार्क देतात. शून्य म्हणजे हाडांचा सापळा, पाच म्हणजे लठ्ठ. हिला मिळाला अर्धा. बरगड्या लांबूनही मोजता येत होत्या. तिला हेझल नाव दिलं आणि माझ्या हातात तिचं डाएट दिलं. दर चार तासांनी थोडीशी लसूणघास. रात्रीसुद्धा. धान्य अजिबात नाही.

‘एवढंच?’ मी विचारलं. आपण कुठल्या घरातून आलोय? जेवण झालेल्या पाहुण्यालाही ‘अजून एक पोळी’ म्हणणाऱ्या! आणि इथे एक उपाशी जीव रिकामी बादली चाटतोय आणि मी घड्याळ बघत उभी.

आमच्या सुपरवायझर बाईंनी शांतपणे समजावलं. उपाशी शरीर आधी चरबी आणि मग स्वतःचेच स्नायू जाळत असतं. अचानक पोटभर धान्य दिलं की इन्शुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने पेशींमध्ये ओढलं जातं. मग हृदय, श्वास, सगळंच कोलमडतं. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. सगळ्यात धोक्याचे दिवस म्हणजे तिसरा ते पाचवा. म्हणजे उपासमारीतून वाचलेला घोडा आपल्या प्रेमाने मरू शकतो. त्यात घोड्याला उलटीही करता येत नाही. एकदा पोटात गेलं की गेलं.

चौथ्या दिवशी सकाळी हेझल आडवी झाली होती. उठेना. डॉक्टर आले, रक्त तपासलं, सलाइन लावलं. आम्ही तिला पोटावर बसती करून दोन्ही बाजूंनी गवताच्या गासड्यांचा टेकू दिला. दुपारी पाच जणांनी मिळून ती उभी केली. पाय लटपटत होते, पण उभी राहिली.

त्याच आठवड्यात एका म्हाताऱ्या पोनीला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवलं. खुरांच्या आतल्या सुजेने त्याला पाऊल टाकवत नव्हतं, आणि औषध लागू पडत नव्हतं. बाई त्याची मान खाजवत शेवटपर्यंत थांबल्या आणि मग पुढच्या तबेल्यात पाणी भरायला गेल्या. मला ते निर्दयी वाटलं. रात्री मी डोरोथी ब्रुकबद्दल वाचलं. १९३०मध्ये कैरोला गेल्यावर तिला पहिल्या महायुद्धातले, ब्रिटिश सैन्याने विकून टाकलेले घोडे मरेस्तोवर राबताना दिसले. तिने पैसे जमवून सुमारे ५,००० घोडे विकत घेतले. त्यातले बरेचसे इतके थकलेले होते, की त्यांना शांत मरण देणं हीच सुटका होती. १९३४मध्ये तिने तिथे घोड्यांचं हॉस्पिटल काढलं. वाचवणं म्हणजे दर वेळी जगवणं नसतं, हे मला त्या पोनीने शिकवलं.

हल्ली सुट्टीत ‘काहीतरी मीनिंगफुल’ करायचं फॅड आहे, आणि ते वाईट नाही. पण जायचं असेल तर एक लक्षात ठेवा. तिथे तुमच्या भावनांची फारशी गरज नसते. गरज असते ती पहाटे दोनच्या अलार्मला उठणाऱ्या माणसाची, मोजून दिलेल्या घासापेक्षा एक काडीही जास्त न टाकणाऱ्या हाताची.

मी निघाले तेव्हा हेझलच्या बरगड्या तशाच दिसत होत्या. नीट भरायला कित्येक महिने लागणार होते. दोन आठवड्यांत तिने एकदाही माझ्या खांद्यावर मान टेकवली नाही. शेवटच्या दिवशी घास संपवला, माझ्याकडे पाठ केली आणि चारही पायांवर चालत पाण्याकडे गेली. माझ्याकडे तिचा फोटो आहे. पाठमोरा.